गेम पार्लरमधल्या जुन्या मशीनला नवा टीव्ही बसतो का? खर्च करण्याआधी हे तपासा

समजा, बारामतीत किंवा इंदापुरात तुमचं छोटंसं गेम पार्लर आहे. पुण्या-मुंबईकडून सेकंडहँड आणलेलं कार रेसिंगचं मोठं मशीन हेच तिथलं मुख्य आकर्षण. एक दिवस चित्र बिघडतं. स्टेअरिंग चालतंय, आवाज येतोय, पण एकाच गाडीच्या लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन कडा वेगवेगळ्या दिसतायत. मेकॅनिक म्हणतो, "आतलं काढून टाका, टीव्ही लावून देतो."

ऐकायला सोपं आहे. पण घाईत घेतलेला टीव्ही मशीनमध्ये बसतच नाही, बसला तर चित्र येत नाही आणि चित्र आलं तर बंदूक चालत नाही, असंही होऊ शकतं.

मशीनच्या आत नेमकं काय असतं?

1990 च्या दशकात सेगाच्या 'डेटोना यूएसए'सारख्या गेमची मोठी मॉडेल्स आली. त्यांत सुमारे 50 इंची पडदा असायचा. एवढी मोठी काचेची पिक्चर ट्यूब परवडणारी नव्हती, म्हणून कंपन्यांनी प्रोजेक्शनचा मार्ग निवडला.

मशीनच्या तळाशी लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या तीन छोट्या ट्यूब असतात. त्यांचा प्रकाश भिंगांतून मागच्या आरशावर जातो आणि तिथून पडद्याच्या मागच्या बाजूवर पडतो. तिन्ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसली, तरच एक चित्र दिसतं. या जुळणीला कन्व्हर्जन्स म्हणतात.

अनेक घरगुती प्रोजेक्शन टीव्हीही याच तत्त्वावर चालायचे. पातळ टीव्ही स्वस्त झाले आणि त्यांचा बाजार संपला. शेवटपर्यंत टिकलेल्या मित्सुबिशीनेही 2012 च्या अखेरीस प्रोजेक्शन टीव्ही बनवणं थांबवलं. त्यामुळे आता सुटे भाग मिळवणं हीच मोठी अडचण आहे.

बदलायची खरंच गरज आहे का?

चित्र अंधूक असेल तर आधी आरसा आणि भिंगं पाहा. रस्त्याची धूळ आणि गाळप हंगामात कारखान्याच्या परिसरात उडणारी काजळी आत साचू शकते. पण आरसा जोरात पुसू नका. त्याचा चकाकणारा थर काचेच्या मागे नसून वरच्या बाजूला असतो. एकदा ओरखडा पडला की तो कायमचा.

रंग फाटले असतील तर आधी जुळणी करून बघा. जुळत नसेल तर कन्व्हर्जन्सची आयसी गेलेली असू शकते. ट्यूबसमोरचं थंडाव्याचं द्रव गढूळ झालं तरी चित्र धुरकट दिसतं. ट्यूबच जळाल्या असतील, तर मात्र टीव्हीचा विचार करा.

50 इंची पडद्याच्या जागी किती इंची टीव्ही?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. जुना पडदा 4:3 आकाराचा असतो, म्हणजे 50 इंचाला साधारण 40 इंच रुंद आणि 30 इंच उंच. आजचे टीव्ही 16:9 चे, लांबट. गेमचं चित्र न ताणता दाखवलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात आणि हिशोब असा होतो:

- 43 इंची टीव्ही: गेमचं चित्र सुमारे 35 इंची
- 50 इंची टीव्ही: सुमारे 41 इंची
- 55 इंची टीव्ही: सुमारे 45 इंची

55 इंची टीव्हीची रुंदी मात्र 48 इंचांच्या आसपास जाते. म्हणून आधी टेपने मशीनची आतली रुंदी मोजा, मगच दुकानात जा.

केबल लावली की चित्र येईल?

बहुतेकदा नाही. जुने गेम बोर्ड लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे सिग्नल देतात. त्यांची वारंवारता बोर्डानुसार 15, 24 किंवा 31 किलोहर्ट्झ असते. 'डेटोना'चा बोर्ड 24 किलोहर्ट्झचा. आजचे टीव्ही हा सिग्नल सहसा ओळखत नाहीत, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर बोर्ड लागतो. तुमच्या मशीनची वारंवारता तो घेतो का, हे विकत घेण्याआधी विचारा.

कन्व्हर्टर आणि टीव्ही मिळून चित्र थोडं उशिरा दाखवतात. रेसिंगमध्ये हा उशीर लगेच जाणवतो. टीव्हीमध्ये 'गेम मोड' असलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. लाईट जाऊन आली की अनेक टीव्ही स्टँडबायवरच राहतात. वीज आल्यावर आपोआप सुरू होणारा टीव्ही निवडा, नाहीतर दर वेळी रिमोट शोधावा लागेल.

बंदुकीचा गेम असेल तर?

तर आधी थांबा. जुन्या बंदुका दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार पडद्यावर रेघेरेघेने फिरणारा प्रकाशबिंदू पकडून नेम ओळखतो. पातळ टीव्हीमध्ये असा बिंदूच नसतो, त्यामुळे नेम लागणार नाही. ट्रिगर दाबल्यावर पडदा क्षणभर पांढरा चमकत असेल, तर बंदूक बहुधा याच प्रकारची.

दुसऱ्या प्रकारात पडद्याभोवती इन्फ्रारेड दिवे असतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बरेचदा जांभळट चमकताना दिसतात. अशी बंदूक नव्या टीव्हीवर चालू शकते. पडद्याचा आकार बदलल्यामुळे दिव्यांची जागा आणि नेम मात्र पुन्हा जुळवावा लागतो.

काम करताना धोका कुठे?

या ट्यूबना सुमारे 30,000 व्होल्टपर्यंत दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ विद्युतभार आत राहू शकतो. त्यामुळे स्वतः हात घालू नका. जुन्या पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त केलेला कारागीर गाठा.

मशीन जपानी असेल तर आतला पुरवठा 100 व्होल्टचा असू शकतो. टीव्ही कुठल्या जोडणीवर लावताय, हे लेबल वाचून ठरवा. तसंच तळातला जड प्रोजेक्टर निघाला आणि टीव्ही वर, पुढच्या बाजूला आला की मशीनचा तोल बदलतो. मुलं त्यावर ओणवतात. तळाला वजन ठेवा किंवा मशीन भिंतीला पक्कं बांधा.

काढलेल्या भागांचं काय करायचं?

भंगारात देऊ नका. ट्यूबच्या काचेत शिसं असतं. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. आरसा, पडदा आणि चालू स्थितीतले बोर्ड मात्र जपून ठेवा. हे भाग आता नवे बनत नाहीत आणि दुसऱ्या कुणाचं मशीन त्यांवर पुन्हा सुरू होऊ शकतं.

थोडक्यात: रेसिंगचं मशीन असेल आणि ट्यूब जळाल्या असतील, तर टीव्ही लावणं फायद्याचं. फक्त रंग फाटले असतील तर आधी जुळणी करून घ्या. आणि पडदा चमकवणारी बंदूक असेल, तर टीव्हीवर पैसे घालू नका. चित्र नवं दिसेल, पण गेम खेळता येणार नाही.