शैलीपत्रक (वेबपान)

शैलीपत्रक म्हणजे वेबपानावरील मजकूर कसा दिसावा हे ठरवणाऱ्या नियमांचा संच होय. हे नियम कॅस्केडिंग स्टाइल शीट्स (सीएसएस) या भाषेत लिहितात. मजकूर व त्याची रचना एचटीएमएलमध्ये असते. फॉन्ट, रंग, आकार व समास शैलीपत्रकात ठरतात.

इतिहास

हॉकोन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी सीएसएसचा प्रस्ताव मांडला. पुढे बर्ट बॉस यांनी त्यांच्यासोबत या भाषेवर काम केले. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने १७ डिसेंबर १९९६ रोजी पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. १९९७ मधील एचटीएमएल ४.० ने फॉन्ट हा टॅग कालबाह्य ठरवून शैलीपत्रकांना प्राधान्य दिले.

कार्यपद्धती

प्रत्येक नियमात कोणत्या घटकाला काय लागू करायचे हे नमूद असते. समान स्वरूपाच्या घटकांना एक वर्ग देता येतो. उदाहरणार्थ, कोपर, डोंबिवली आणि दिवा या रेल्वे स्थानकांच्या पानांवरील माहितीचौकटींना एकच वर्ग दिल्यास, नियमातील रंग एकदा बदलताच तिन्ही पानांवर तो बदलतो. एकाच घटकाला परस्परविरोधी नियम लागू झाल्यास सामान्यतः अधिक नेमका नियम, आणि दोन्ही तितकेच नेमके असल्यास नंतर आलेला नियम ग्राह्य धरला जातो.

शैलीपत्रक अर्थ सांगत नाही, केवळ रूप देते. मोठ्या व जाड अक्षरांतील ओळ डोळ्यांना शीर्षक वाटली, तरी ती एचटीएमएलमध्ये शीर्षक म्हणून नोंदलेली नसल्यास दृष्टिहीन वाचकांच्या स्क्रीन रीडरला तसे कळत नाही.

मराठी मजकुरासाठी

रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली शैली देवनागरीला जशीच्या तशी मानवत नाही. अक्षरांमधील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते. वर-खाली येणाऱ्या मात्रा, रफार व उकारांमुळे ओळींमध्ये अधिक जागा लागते. कॅपिटल अक्षरांचा नियम देवनागरीत निष्प्रभ ठरतो, त्यामुळे ठळकपणासाठी जाडी किंवा आकार वापरावा लागतो. यादीला देवनागरी अंक देण्याची सोय सीएसएसमध्ये आहे.

पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये नमूद करणेही महत्त्वाचे ठरते. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी वळणे वेगवेगळी असतात. भाषेची नोंद असल्यास असा फॉन्ट मराठी वळण दाखवू शकतो, अन्यथा मराठी मजकूर हिंदी वळणाच्या अक्षरांत दिसण्याची शक्यता राहते.