केवल नरसिंह

आपल्या विद्यार्थ्यांना हिंदूराव हे रुग्णालयाचे नाव म्हणून ठाऊक असते. कागलचे हिंदूराव घाटगे हे बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझरच्या १८३५ मधील हत्येनंतर त्याची येथील टेकडीवरची हवेली त्यांच्याकडे आली. दक्षिणेतून आलेल्या या सरदाराचे दिल्लीत नाव तेवढे उरले.

सोळा शतकांपूर्वी याच्या उलट वाटेने उत्तरेची एक राजकन्या विदर्भात गेली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटकांची सून झाली आणि पतिनिधनानंतर अल्पवयीन पुत्रांच्या वतीने तिने राज्य सांभाळले. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातील शिलालेखात तिच्या घराण्याचा वृत्तान्त आहे.

तेथील मूर्तीचा देह मानवाचा, मुख सिंहाचे. मात्र हिरण्यकशिपूचे विदारण येथे नाही. देव एकटाच, स्वस्थ बसलेला आहे. ‘केवल’ हे विशेषण त्यास शोभते. सिंहमुख सामर्थ्य सांगते, मानवी बैठक संयम. हुबेहूब व्यक्तिचित्रात एका राजाचा चेहरा दिसतो. या मिश्ररूपात राजधर्म दिसतो.

परमुलखात मराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या आपल्या शाळेने हीरक महोत्सवी वर्षात हेच रूप मुलांपुढे ठेवावे: अंगी बळ असावे, आणि ते आवरून बसताही यावे.