शेणातला जीवाणू आणि पवईचा विद्यार्थी

पेणच्या खाडीकाठी ओहोटीला गेलात तर काळ्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्राणवायू संपला की असा वास सुटतो, असे आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर सांगत. मी इतिहास-मराठी शिकवणारा बी. ए.; पण निवृत्तीनंतर या प्राणवायूच्या नादी लागलो आणि एक छान इतिहास हाती आला.

व्हिट्रिओसिला नावाचा जीवाणू शेणात, साचलेल्या डबक्यात राहतो. तिथे हवा कमी, पण याला प्राणवायूवाचून चालत नाही. मग जगतो कसा? डेल वेबस्टर हे अमेरिकन संशोधक १९६०च्या दशकापासून त्याच्या मागे होते. त्यातल्या एका प्रथिनाला आधी 'सायटोक्रोम ओ' म्हणत. १९८६ मध्ये वाकाबायाशी, मात्सुबारा आणि वेबस्टर यांनी त्याचे १४६ घटक क्रमाने वाचले, तेव्हा कळले की हे तर हिमोग्लोबिन! आपल्या रक्तात असते त्याच कुळातले. जीवाणूत ते प्रथमच सापडले. वीस वर्षे वस्तू समोर होती, नाव मात्र दुसरेच.

१९८५ साली पवईच्या आय. आय. टी.तून केमिकल इंजिनिअरिंग शिकून चैतन खोसला कॅलिफोर्नियात कॅलटेकला गेले. तिथे जेम्स बेली त्यांचे मार्गदर्शक. औषधांसाठी टाकीत जीवाणू वाढवताना गर्दी झाली की प्राणवायू पुरत नाही, ही जुनी अडचण. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लिटरभर पाण्यात तो जेमतेम आठ मिलिग्रॅम विरघळतो. रीत ठरलेली : जास्त हवा फुंका, जोरात घुसळा. या गुरुशिष्यांनी टाकी तशीच ठेवली आणि जीवाणूच बदलला. व्हिट्रिओसिलाचे हिमोग्लोबिनचे जनुक त्यांनी ई. कोलायमध्ये घातले. प्राणवायू कमी असताना तो साध्या ई. कोलायपेक्षा जोमाने वाढला. १९८८ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आले. गंमत म्हणजे त्या जनुकाची कळही त्याच्यासोबतच असते; प्राणवायू कमी झाला की ते आपोआप जोरात कामाला लागते.

शेणाचे नाव निघाले की आमच्याकडे कुणीतरी म्हणतोच, "बघा, पूर्वजांना ठाऊक होतं!" अहो, शेण आपल्या गोठ्यातही होते. पण त्यातला एक जीव घेऊन वीस वर्षे बसणारा माणूसही लागतो ना! असो.

रोह्याजवळ धाटावला रसायनांचे कारखाने आहेत. कारखान्यांचे सांडपाणी जीवाणूंकडून साफ करून घ्यायचे तर त्यांना सतत हवा पुरवावी लागते, आणि त्यात वीज बरीच जाते. हे जनुक घातलेले जीवाणू काही विषारी रसायने अधिक चांगली फोडतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र असे घडवलेले जीवाणू उघड्यावर सोडायला आपल्याकडे १९८९च्या नियमांनुसार केंद्राची परवानगी लागते. हा अडथळा आहे असे काहींना वाटते, मला तो हवासा वाटतो. कुंडलिकेचे पाणी रोह्याहून थेट रेवदंड्याच्या खाडीत जाते, आणि तिथे कोळी मासळी पकडतात.