विम्याचे दोन लाख आणि निराधारचा पगार

विमा आणि निराधारांचं अनुदान, दोन्ही आमच्या दारापर्यंत आली ती कोकणातल्याच दोन माणसांच्या कारकिर्दीत. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९ जानेवारी १९५६ रोजी, सरकारने आयुर्विमा कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला. १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं, तोवर मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा देऊन झाला होता. दुसरे बॅरिस्टर अंतुले, म्हसळ्याकडच्या आंबेतचे. १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. जगण्याची तजवीज आधी करून ठेवायची, ही पहिल्याची वाट. तजवीज नसेल त्याला सरकारने हात द्यायचा, ही दुसऱ्याची. या दोन वाटा एकाच घराच्या पडवीत येऊन भिडतील याचा विचार त्या वेळी कुणी केलेला दिसत नाही.

मी रत्नागिरीत जयस्तंभाच्या आसपास कचेऱ्यांच्या बाहेर बसून अर्ज लिहिणारा माणूस. वारसनोंद, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातलं नाव कमी करणं, निराधारची प्रकरणं. घरातला कर्ता गेला की बाई जे जे कागद घेऊन सरकारदारी येते, ते सगळे माझ्या हाताखालून गेलेत.

विम्याच्या पैशामुळे निराधारचं अनुदान अडण्याचा गुंता पूर्वी नव्हता, कारण विमा असलेली माणसं वेगळी आणि निराधार वेगळे. रत्नागिरीची चूल पेटायची मुंबईच्या मनिऑर्डरीवर. टपाल खात्याचा विमा १८८४ पासूनचा, पण तो नोकरदारांचा. खेड्यातल्या सामान्य माणसाला तो १९९५ मध्ये खुला झाला. गिरणीतल्या चाकरमान्याला मात्र प्रॉव्हिडंट फंड होता आणि १९७६ पासून त्याला जोडून विमाही आला. नोकरीत असताना तो गेला की त्याच्या बायकोला गावी एकरकमी काही मिळायचं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्यांची धूर ओकणारी धुराडी एकेक करून थंडावली आणि चाकरमानी गावाला परतले. मनिऑर्डरी आटल्या, पाठोपाठ विम्याचं कवचही गेलं. निराधारच्या अर्जांना आमच्याकडे खरा अर्थ आला तो या काळात.

मग गरिबाची गरिबी मोजायची कशी हा प्रश्न आला. १९९७ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत पक्कं घर, टीव्ही, फ्रिज, छताचा पंखा, मोटारसायकल यांतलं एक जरी असलं तरी कुटुंब यादीबाहेर. २००२ च्या पाहणीत तेरा निकष आले, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. त्यातही घर कसं आहे आणि घरात पंखा, कुकर, रेडिओ आहे का हे पाहिलं जाई. १९९९ मध्ये तिरंगी रेशनकार्डं आली. पिवळ्या कार्डाला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये. आता विचार करा. नवरा गेल्यावर आलेल्या पैशांतून बाईने पहिलं काय केलं असेल? गळकं छप्पर उतरवून कौलं बदलली, मातीची भिंत पाडून चिऱ्याची बांधली, पोरांच्या डोक्यावर पंखा लावला. म्हणजे नेमकं तेच केलं, ज्याचे गुण मोजले जात होते.

पुढे सरकारनेच गरिबाचा विमा उतरवायला घेतला, आणि ते चांगलं झालं. २००० मध्ये जनश्री विमा योजना, २००७ मध्ये आम आदमी. २००५ नंतर शेतकऱ्यांचा अपघात विमा आला, त्याला पुढे गोपीनाथ मुंडे यांचं नाव मिळालं आणि रक्कम दोन लाख झाली. आंब्याच्या झाडावरून पडून, साप चावून, वीज पडून गेलेल्या माणसांचे कागद मी त्यासाठी लिहिले आहेत. सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल. २०१५ मध्ये बँकेच्या खात्याला जोडलेले दोन विमे आले, एक वर्षाला १२ रुपयांचा आणि दुसरा ३३० चा. आज ते २० आणि ४३६ रुपये आहेत. मच्छीमाराला अपघाती मृत्यूसाठी पाच लाखांचं संरक्षण मिळू लागलं. पूर्वी ज्या घरात विमा म्हणजे ऐकीव गोष्ट होती, त्या घरात आता एकदम मोठा आकडा येतो.

निराधारची उत्पन्नमर्यादा मात्र कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये. महिन्याला १,७५० पडतात.

एका बाईचं पासबुक माझ्यासमोर उघडं होतं तो दिवस सांगतो. खाडीपट्ट्यातली, दोन पोरं, नवऱ्याच्या विम्याचे दोन लाख आलेले. पोस्टातल्या माणसाने सुचवलं म्हणून तिने ते मासिक उत्पन्न योजनेत ठेवले होते. ७.४ टक्के व्याज, महिन्याला १,२३३ रुपये. पानावर दर महिन्याला तोच आकडा. काजूच्या हंगामात ती बिया वेचायला जाते, एरवी कुणाच्या घरी भांडी घासते. हिशेब कागदावर मांडला. व्याज १४,८०० आणि मजुरी महिन्याला सहाशे जरी धरली तरी ७,२००. झाले २२,०००. एक हजाराने बाहेर.

ती म्हणाली, "काका, ह्ये पैसे माझ्या मानसाच्या जिवाचे. ही काय कमाई झाली?"

तिचं बरोबर होतं, आणि आयकराचा कायदाही या बाबतीत तिच्याच बाजूचा आहे: मृत्यूनंतर मिळणारी विम्याची रक्कम करपात्र उत्पन्न धरत नाहीत. दाखल्याच्या वेळीही मूळ रक्कम आणि उत्पन्न यांत फरक करायलाच हवा. पण व्याज हे उत्पन्न ठरतं, त्याला नाही कसं म्हणणार? शिवाय चौकशीला आलेल्या माणसाच्या कानावर शेजाऱ्याने घातलेलं असतं की यांना दोन लाख मिळाले. एवढ्या एका वाक्यावर प्रकरण अडकून पडलेलं मी पाहिलंय.

मच्छीमाराच्या बायकोचं गणित याहून वाईट. पाच लाख त्याच योजनेत ठेवले तर वर्षाचं व्याज ३७,०००. म्हणजे मजुरी न करताच ती मर्यादेच्या बाहेर. निराधारचे महिन्याला १,५०० धरले तर वर्षाचे १८,००० गेले. विम्याने दिलेल्या व्याजातलं जवळजवळ निम्मं असं वळतं होतं. उलट तेच पाच लाख सोन्यात घातले, लग्नात उडवले, तर वर्षाचं व्याज शून्य आणि निराधारचा पगार शाबूत. पैसा जपणारीला तोटा, उधळणारीला नाही. असा नियम मला मान्य नाही.

आणि मर्यादा वाढवता येत नाही असंही नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. तिथेही महिन्याला १,५०० रुपयेच, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्याच राज्यात, तेवढ्याच रकमेसाठी, निराधारच्या जवळजवळ बारापट मर्यादा. ज्या वर्षी हे जाहीर झालं त्याच वर्षी निराधारची मर्यादाही हलायला हवी होती. निदान मृत्यूपोटी आलेल्या विम्याच्या रकमेचं व्याज, धाकटं मूल सज्ञान होईपर्यंत, उत्पन्नात धरू नये एवढं एक वाक्य शासन निर्णयात घालायला काय हरकत आहे? 

तोवर मी अर्जाबरोबर एक जास्तीचा कागद जोडतो. विम्याची रक्कम कोणत्या तारखेला आली, त्यातून दवाखान्याचं आणि दुकानाचं किती देणं फेडलं, किती घराला लागले, किती पोस्टात आहेत आणि त्याचं व्याज नेमकं किती, हे सगळं ओळीने लिहितो आणि खाली बाईची सही किंवा अंगठा घेतो. कुणी मागितलेला नसतो तो कागद. पण चौकशीत 'दोन लाख मिळाले' असं कुणी म्हणालं, तर साहेबांच्या समोर पुढचा हिशेबही असावा. त्या खाडीपट्ट्यातल्या बाईच्या अर्जालाही तो जोडलाय. व्याज जसंच्या तसं दाखवलंय, मजुरीही दाखवलीय, आणि शेवटी लिहिलंय की मूळ रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवली आहे. तिचं प्रकरण निराधार योजनेच्या समितीपुढे आहे.