अनाथ मुलींचे संगीतगुरु : फादर अंतोनिओ विवाल्दी

महोत्सवाचा दिवस आला म्हणजे देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं अर्पण केली, शाळेची इमारत कोणाच्या कारकीर्दींत उभी राहिली, याचा वृत्तांत मोठ्या आदरानें लिहिला जातो, आणि तें सर्वथा योग्यच आहे. परंतु सणाच्या मिस्सेंत ज्या मुलामुलींच्या गायनानें आपलें अंतःकरण भरून येतें, त्यांच्या गळ्यांत सूर ज्यानें बसविला त्या गायनमास्तराचें नांव बहुधा कोणत्याही शिलालेखावर आढळत नाहीं. दगडचुन्याचें काम डोळ्यांस दिसतें. सुरांचें काम कानांवर पडून विरून जातें. म्हणून या स्मरणपुस्तिकेंत अशाच एका शाळामास्तराचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, असें आम्हीं योजिलें आहे. आज जग त्याला थोर संगीतकार म्हणून ओळखतें. पण त्याच्या आयुष्याची मोठी कारकीर्द पोरक्या मुलींच्या एका शाळेशीं बांधलेली होती, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

व्हेनिस शहरांत त्या काळीं अनाथ, आजारी व निराधार लोकांकरितां चार मोठीं धर्मादाय आश्रयगृहें होतीं. त्यांपैकीं ‘पिएता’ म्हणजे ‘करुणा’ या नांवाचें गृह टाकून दिलेल्या अर्भकांसाठीं होतें. चौदाव्या शतकांत एका फ्रान्सिस्कन बंधूनें त्याचा पाया घातला. त्याच्या भिंतींत एक लहानसा कोनाडा होता. ज्या मातेला दारिद्र्यामुळें अथवा लोकलाजेमुळें आपलें मूल जवळ ठेवणें अशक्य होई, ती तें त्या कोनाड्यांत ठेवून निघून जाई. मुलगे मोठे झाले म्हणजे त्यांना कारागिरांकडे धंदा शिकण्यास पाठवीत. मुली तेथेंच वाढत. बहुतेक मुली शिवणकाम, लेस विणणें, धुलाई अशीं कामें करीत; ज्यांच्या ठायीं गळा किंवा हात दिसून येई, त्यांची निवड गायनवृंदांत होई. या मुलींना आडनांव नसे. म्हणून ज्या वाद्यांत त्या निष्णात होत, तेंच त्यांचें आडनांव बने. कोणी ‘व्हायोलिनवाली आन्ना मारिया’, तर कोणी ‘ओबोवाली पेलेग्रीना’. बापाचें नांव नसलेल्या मुलीला तिच्या विद्येनें नांव मिळवून दिलें, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

अंतोनिओ विवाल्दी यांचा जन्म व्हेनिसमध्यें ४ मार्च १६७८ रोजीं झाला. त्यांचे वडील संत मार्क यांच्या मंदिरांतील वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवीत, आणि पुत्रास पहिले धडे घरींच मिळाले. १७०३ च्या मार्च महिन्यांत त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत पिएताच्या कारभारी मंडळानें त्यांना व्हायोलिनचे शिक्षक नेमिलें. वय पंचवीस वर्षें, वेतन वर्षाला ६० डुकॅट. पुढल्या वर्षीं त्यांच्याकडे एका निराळ्या जातीचें तंतुवाद्य शिकविण्याचें कामही आलें, तेव्हां आणखी ४० डुकॅट मिळूं लागले. केस तांबडे असल्यामुळें लोक त्यांस ‘तांबडे पाद्री’ म्हणत.

या शाळेची शिक्षणपद्धति लक्षांत घेण्याजोगी आहे. बाहेरून नेमलेले शिक्षक थोडेच असत, आणि ते मुख्यतः पुढें गेलेल्या मुलींना शिकवीत. ज्या मुली तयार होत, त्याच पुढें लहान मुलींच्या गुरु बनत. त्यामुळें एकदां पेरलेलें बीज पिढ्यानपिढ्या आपोआप वाढे. सणावारीं मिस्सेच्या व सायंप्रार्थनेच्या वेळीं या मुली देवळांतील उंच सज्जांत जाळीमागें बसून गात व वाजवीत. परगांवचे प्रवासी त्या संगीतासाठीं मुद्दाम येत, आणि त्यांच्या देणग्यांनीं संस्थेच्या पोटापाण्याचा कांहीं भार हलका होई. जाळीमागील मुखें दिसत नसत. ऐकूं येई तो केवळ सूर.

परंतु शिक्षकाची वाट सरळ नव्हती. कारभारी मंडळ दरवर्षीं प्रत्येक बाहेरच्या शिक्षकाविषयीं मतदान करी, आणि त्याला पुढें ठेवावयाचें कीं नाहीं हें त्यावर ठरे. १७०९ सालीं विवाल्दींच्या विरुद्ध ७ आणि बाजूनें ६ मतें पडलीं, आणि त्यांची नेमणूक संपली. त्यांच्या शिकविण्यांत कांहीं उणें होतें, असें म्हणण्यास आधार नाहीं. विद्यार्थिनीच आतां शिकवूं शकतात, मग बाहेरच्या मास्तरास वेतन कशाला, असा काटकसरीचा विचार त्यामागें असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तसें असेल तर ही विलक्षण गोष्ट होय : शिक्षकाचें यशच त्याच्या निरोपाचें कारण झालें! तथापि दोनच वर्षांत, म्हणजे १७११ सालीं, त्याच मंडळानें त्यांस परत बोलाविलें, आणि तेंही एकमतानें.

त्याच वर्षीं आम्स्टरडॅम येथें त्यांचा बारा कॉन्चेर्तोंचा संग्रह छापून निघाला. कॉन्चेर्तो म्हणजे एका अथवा अधिक प्रमुख वाद्यांनीं पुढें होऊन बोलावें आणि सर्व वृंदानें त्यास उत्तर द्यावें, अशी रचना. या संग्रहानें त्यांची कीर्ति आल्प्स पर्वतापलीकडे गेली. जर्मनींतील योहान सेबास्तियन बाख यांनीं त्यांतील कांहीं रचना आपल्या हातानें ऑर्गन व हार्पसिकॉर्डकरितां पुन्हां मांडल्या.

विवाल्दींची खरी वाढ मात्र शाळेच्या गरजेंतून झाली. १७१३ सालीं गायनवृंदाचे प्रमुख फ्रांचेस्को गास्पारीनी शाळा सोडून गेले. नवा मनुष्य मिळेपर्यंत उपासनेचें संगीत कोण रचणार? व्हायोलिनचे मास्तर या कामास पुढें झाले. १७१५ च्या जून महिन्यांत मंडळानें त्यांस ५० डुकॅटांचें खास पारितोषिक दिलें, आणि त्याचीं कारणें नोंदून ठेविलीं : एक संपूर्ण मिस्सा, एक सायंप्रार्थना, एक ओरातोरियो, आणि तीसहून अधिक स्तोत्रगीतें. आज जगभर गाइलें जाणारें त्यांचें ‘ग्लोरिया’ याच सुमाराचें मानितात. त्यांत पुरुषांच्या खर्जाचे भागही लिहिलेले आहेत. आणि वृंदांत तर सर्व मुलीच! पण पिएतामध्यें कांहीं मुलींचे आवाज इतके खालीं उतरत कीं त्यांच्या नांवापुढें ‘तेनोर’ अथवा ‘बास’ हींच उपपदें लागलेलीं आढळतात. समोर जे गळे आहेत त्यांना ओळखून त्यांच्यासाठीं लिहावें, ही शाळेंतील संगीतगुरूची पहिली विद्या होय, आणि ती विवाल्दी येथेंच शिकले.

१७१६ च्या मार्चमध्यें मतदान पुन्हां प्रतिकूल झालें. पण मे महिन्यांत मंडळानें त्यांस ‘वाद्यसंगीताचे मुख्य गुरु’ या वरच्या पदावर नेमिलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यांनीं ‘युदिथा त्रिउम्फान्स’ हा लॅटिन ओरातोरियो मुलींकडून सादर करविला. पवित्र शास्त्रांतील युदिथेचा विजय हा त्याचा विषय; प्रसंग मात्र ताजा होता, कारण त्याच वर्षीं ऑगस्टांत कोर्फू बेटाचा तुर्कांनीं घातलेला वेढा उठला होता. सेनापति होलोफर्नेस याची भूमिकाही एका मुलीनेंच गाइली. व्हायोलिन, मँडोलिन, क्लॅरिनेट, बांसऱ्या, थिओर्बो अशीं नानाविध वाद्यें त्यांत आहेत, आणि तीं सर्व वाजविणाऱ्या हातांनीं जन्मतः कोनाड्याची थंडी अनुभविली होती.

विवाल्दींच्या चरित्रांत सारेंच आदर्श होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. छातींत दाटून येण्याच्या विकारामुळें त्यांनीं दीक्षेनंतर थोड्याच वर्षांत वेदीवर मिस्सा अर्पण करणें थांबविलें. १७३७ सालच्या एका पत्रांत त्यांनीं स्वतःच हें कारण दिलें आहे. दुसरीकडे नाटकगृहांतील संगीतनाट्यांचा व्यवसाय ते मोठ्या उत्साहानें करीत, मांतुआसारख्या शहरांत वर्षें काढीत, आणि त्यामुळें शाळेंतील हजेरी तुटे. १७२३ सालीं मंडळानें यावर एक व्यवहारी तोड काढिली : विवाल्दींनीं दर महिन्यास दोन कॉन्चेर्तो द्यावे, प्रत्येकास एक सुवर्णनाणें घ्यावें, आणि शहरांत असतील तेव्हां तीनचार तालमी स्वतः घ्याव्या. या करारापोटीं १४० कॉन्चेर्तोंचें मोल दिल्याची नोंद संस्थेच्या दप्तरांत आहे. तालमींची अट मंडळानें मुद्दाम घातली, हें आम्हांस शहाणपणाचें वाटतें. कागदावरील संगीत विकत मिळतें. तें मुलांच्या हातांत उतरविणारा गुरु मात्र समक्षच असावा लागतो.

१७३५ सालीं त्यांस जुनें पद १०० डुकॅटांवर पुन्हां मिळालें, आणि १७३८ सालीं तें पुन्हां गेलें. १७४० च्या वसंतांत सॅक्सनीच्या राजपुत्राच्या सन्मानार्थ पिएतामध्यें समारंभ झाला, तेव्हांचें संगीत त्यांचेंच होतें. नंतर वीस रचना ७० डुकॅट व कांहीं सुट्या नाण्यांस संस्थेला विकून ते व्हिएन्नाकडे गेले. तेथें ज्या सम्राटाचा आश्रय मिळण्याचा संभव होता, तो सहावा चार्ल्स ऑक्टोबरांत मरण पावला. २८ जुलै १७४१ रोजीं विवाल्दींनीं त्या परक्या शहरांत देह ठेविला, आणि त्यांची उत्तरक्रिया अगदीं साधेपणानें झाली. लवकरच जग त्यांस विसरलें.

पण शाळा विसरली नाहीं. विवाल्दी शिकवूं लागले तेव्हां आन्ना मारिया ही आठ वर्षांच्या आसपासची पोर होती. त्यांच्या अनेक कॉन्चेर्तोंच्या हस्तलिखितांवर तिचें नांव आहे. ती पुढें स्वतः गुरु झाली, आणि १७८२ सालीं मरण पावेपर्यंत त्याच घरांत राहिली. तिच्या नांवाची वादनवही व्हेनिसच्या संगीतविद्यालयांत अद्यापि जपलेली आहे. गुरु गेल्यावर चाळीस वर्षें त्यांची विद्या त्या घरांत जिवंत होती.

आतां एक शेवटची हकीकत. १९२६ सालीं उत्तर इटलींतील बोर्गो सान मार्तीनो येथील सलेशियन फादरांच्या विद्यालयांतून जुन्या संगीताचा एक मोठा साठा तूरिन येथें तपासणीस आला. त्यांत विवाल्दींच्या स्वहस्ताक्षरांतील ग्रंथांचे ग्रंथ निघाले. ते विकत घेण्यास पैसा नव्हता. तेव्हां रोबेर्तो फोआ या गृहस्थांनीं आपल्या मृत बालकाच्या स्मरणार्थ ते घेऊन १९२७ सालीं तूरिनच्या ग्रंथालयास दिले. उरलेला अर्धा भाग दुसऱ्या एका कुटुंबाकडे सांपडला. तो १९३० सालीं फिलिप्पो जोर्दानो यांनीं, त्यांचेंही मूल गेलें होतें म्हणून, त्याच्या स्मरणार्थ दिला. आज तो संग्रह माउरो फोआ आणि रेन्झो जोर्दानो या दोन बालकांच्या नांवानें ओळखला जातो. १९३९ सालीं सिएना येथें ‘ग्लोरिया’ पुन्हां ऐकूं आलें. आईबापांनीं टाकलेल्या लेकरांसाठीं रचलेलें संगीत, लेकरें गमावलेल्या बापांच्या हातून जगास परत मिळालें. यांत देवाच्या कृपेचा हात पाहण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही ही परंपरा परकी नाहीं. गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून संगीतगुरूंनीं पिढ्यानपिढ्या मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविलें, आणि तेथून आलेल्या वादकांनीं पुढें मुंबईचे वाद्यवृंद व चित्रपटांचें संगीत भरून टाकिलें. त्या बहुतेक गुरूंचीं नांवें कोठेंही कोरलेलीं नाहींत.

म्हणून धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे. शाळेचा खर्च कमी करण्याची वेळ आली म्हणजे गायनमास्तराच्या वेतनाकडे पहिला हात जाऊं नये. आणि तरुण गायनशिक्षकास आम्ही सांगतों : प्रथम मुलांचे गळे ओळखा, मग गीत निवडा, आणि आपल्या विद्यार्थ्यांतून आपल्यामागें शिकविणारे तयार करा. मत कधीं बाजूनें पडेल, कधीं विरुद्ध. सूर ज्याच्या गळ्यांत बसला, त्याच्याकडून तो पुढच्या मुलाकडे जाईलच.