शब्दवेध : हॉटेल आणि इस्पितळ

ठाण्यात माजिवडा नाक्याच्या परिसरात हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या पाट्या शेजारीशेजारी दिसतात. हे दोन्ही शब्द खरोखरच सख्खे भाऊ. लॅटिनमध्ये ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणा, आणि यजमानसुद्धा! त्यावरून आलेलं ‘होस्पिताले’ म्हणजे पाहुण्याला उतरायची जागा. मध्ययुगीन युरोपात थकलेला यात्रेकरू, आजारी, निराधार असे सगळे अशाच ठिकाणी आसरा घेत. फ्रेंचांच्या तोंडी झिजत ‘होस्पिताले’चं ‘ओतेल’ झालं आणि इंग्रजीमार्गे आपल्याकडे ‘हॉटेल’ आलं. ‘इस्पितळ’ मात्र थेट पोर्तुगिजांकडून मिळालं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, पोर्तुगीज गेले. पाव, चावी, बटाटा हे त्यांचे शब्द मात्र मराठीत मुरले.

पाहुण्यासाठी आपला शब्द ‘अतिथी’. ‘अतिथी’ म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो, ही फोड सगळ्यांना पाठ असते. अभ्यासक मात्र तो ‘अत्’, म्हणजे फिरणं, या धातूशी जोडतात. मला हीच व्युत्पत्ती मोलाची वाटते. बुकिंग करून येणाऱ्याची तिथीच काय, चेक-इनची वेळही ठरलेली असते. पण वाटेचा शीण त्यालाही असतोच. नाशिकहून रात्री उशिरा आलेल्या वयस्क जोडप्याकडे आधारकार्ड मागण्याआधी जो मुलगा खुर्ची पुढे सरकवतो, पाण्याचा ग्लास हातात देतो, त्याला हा धंदा कळला. हॉटेल व्यवस्थापनाच्या वर्गात गणवेश, नमस्कार, हसू हे सगळं जरूर शिकवावं. पण ती खुर्ची पहिल्या तासाला शिकवावी.