अशिलाचा पैसा आणि वकिलाचे खाते

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. पण ती चढावीच लागली, तर पहिला व्यवहार न्यायाधीशाशी होत नाही; तो वकिलाशी होतो, आणि तो पैशाचा असतो. पूर्वी अशील रुमालात बांधलेल्या नोटा टेबलावर ठेवी; आज तो भ्रमणध्वनीवर बोट ठेवतो आणि क्षणार्धात रक्कम वकिलाच्या खात्यात जमा होते. साधन बदलले, हे खरे. परंतु काम पुरे होईपर्यंत तो पैसा कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे सुटला का? आज आम्हांस या प्रश्नाचाच इतिहास श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

प्राचीन रोमने या प्रश्नाला सर्वांत सोपे उत्तर दिले: पैसा घेऊच नये. इसवी सनापूर्वी २०४ मध्ये झालेल्या सिन्सियन कायद्याने वकिलीसाठी द्रव्य वा देणगी स्वीकारण्यास बंदी केली. बंदी कागदावर राहिली आणि पैसा मागील दाराने येऊ लागला. इ. स. ४७ मधील एक प्रसंग टॅसिटसने नोंदविला आहे. समियस नावाच्या प्रतिष्ठित रोमन गृहस्थाने सुइलियस या वकिलाला चार लक्ष सेस्टर्स दिले. पुढे तो विरुद्ध पक्षाला फितूर असल्याचे कळताच समियसने त्या वकिलाच्याच घरात तलवारीवर देह टाकला. सिनेटमध्ये जुना कायदा अमलात आणण्याची मागणी झाली. तेव्हा सम्राट क्लॉडियसने फीला मान्यता देऊन दहा हजार सेस्टर्सची मर्यादा घातली. मर्यादेने रक्कम बांधली गेली. दगा मात्र बांधला गेला नाही.

इंग्लंडने दुसरी वाट धरली. तेथे बॅरिस्टरची फी म्हणजे मजुरी नव्हे, मानधन, असे मानले गेले. म्हणून ती बुडाली तरी बॅरिस्टरला दावा लावता येत नसे. केनेडी नावाच्या बॅरिस्टरने स्विनफेन या विधवेला तिची इस्टेट मिळवून दिली. तिने त्याला वीस हजार पौंड देण्याचे वचन दिले होते. पण १८६३ साली न्यायालयाने ते वचन निरर्थक ठरविले. हा निर्बंध कायद्याने दूर व्हावयास १९९० साल उजाडले.

खरा धोका मात्र बॅरिस्टरच्या मानधनात नव्हता. तो सॉलिसिटरच्या तिजोरीत होता. घरखरेदीचे, वारशाचे, दाव्याचे पैसे त्याच्याजवळ ठेवलेले असत. १९०१ साली सॉलिसिटरांच्या संस्थेचे माजी अध्यक्ष बेंजामिन ग्रीन लेक यांनाच अशिलांच्या पैशाच्या अपहाराबद्दल शिक्षा झाली. जेथे शिस्तीचा रखवालदारच घसरला, तेथे नुसत्या प्रतिष्ठेवर भिस्त ठेवून कसे चालावे? तरीही १९३३ चा कायदा व १९३५ चे नियम येईपर्यंत अशिलांचा पैसा बँकेत स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन आले नाही.

अमेरिकन बार असोसिएशनने हेच तत्त्व १९०८ च्या आपल्या आचारसूत्रांत घातले: अशिलाचा पैसा त्याच्या संमतीवाचून आपल्या पैशात मिसळू नये. नव्या साधनांची कसोटी याच सूत्रावर लागली. १९७४ साली त्या संस्थेने क्रेडिट कार्डाने फी घेण्यास अनुमती दिली, आणि नवी अडचण पुढे आली. समजा, विश्वस्त खात्यात दहा अशिलांचा पैसा आहे. त्यांतील एकाने कार्डाने आगाऊ फी भरली आणि नंतर कार्ड कंपनीकडे तक्रार करून ती परत मागितली. कंपनी वकिलाला न विचारता खात्यातून रक्कम काढून घेते. मधल्या काळात त्या अशिलाचा पैसा खर्ची पडला असेल, तर ती रक्कम उरलेल्या नऊ जणांच्या पैशातून जाते. कंपनीचे कमिशनही तसेच कापले गेले तर तीच गत. वकिलाने एक पैचीही लबाडी केलेली नसते, तरी नऊ जणांचा विश्वासघात होऊन बसतो! म्हणून परतीची व कमिशनची वजावट वकिलाच्या स्वतःच्या खात्यातून व्हावी, अशी व्यवस्था करणे भाग पडते.

बिटकॉइन आले तेव्हा नेब्रास्का राज्याने २०१७ साली असाच मार्ग काढला. वकिलाने ते स्वीकारावे. पण हाती येताच बाजारभावाने त्याचे डॉलर करावेत, तसे अशिलाला आधी कळवावे आणि ती रक्कम त्याच्या नावे जमा धरावी. कारण उघड आहे. आज दिलेले नाणे उद्या दुपटीने महागले, तर वकिलाने कामापेक्षा अधिक घेतले असे होईल. निम्म्यावर आले, तर भांडण होईल.

आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे १९७५ चे नियम आहेत. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवावा. आलेली रक्कम फीची की खर्चाची, हे नोंदवावे. दावा चालू असता अशिलाच्या लेखी संमतीवाचून खर्चाची रक्कम फीत वळवू नये. हिशेबाची प्रत मागितली तर द्यावी. हे नियम रोख व धनादेशांच्या काळातले आहेत. यूपीआय २०१६ साली आले. त्याच्या संदेशात रक्कम दिसते, तारीख दिसते. पण पाच हजारांपैकी कोर्ट-फी किती आणि वकिलाची फी किती, हे कोणी लिहिल्याखेरीज दिसत नाही. पैसा गेल्याचा पुरावा म्हणजे हिशेब नव्हे. खेड्यातून आलेला अशील तो संदेश दाखवून 'पैसे पोचले' एवढेच म्हणू शकतो. ते कशासाठी पोचले, हे सांगण्याचे कर्तव्य वकिलाचे आहे.

दोन हजार वर्षांच्या या प्रवासातून आम्ही एवढेच शिकलो, की बंदीने पैसा थांबला नाही आणि मानधनाच्या कल्पनेने लोभ आटला नाही. उपयोगी पडली ती वेगळे खाते आणि लिहिलेली नोंद, ही दोन साधी साधने. पैसा विजेच्या वेगाने येवो; पावती मात्र सावकाश, स्वच्छ अक्षरात लिहिली जावी.